नागरी शेतीचे मोल : प्रस्तावना

शहरात अन्न पिकवावे की नाही, हा प्रश्न गेल्या काही दशकांत नगररचनाकार, कृषिशास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिक या सर्वांपुढे वारंवार आला असून त्याची उत्तरे बहुतेक वेळा दोन टोकांना जाऊन थांबली आहेत. गच्ची, सज्जा आणि मोकळे भूखंड यांवर भाजीपाला लावला की शहर अन्नाच्या बाबतीत आपल्या पायावर उभे राहील, असे एक पक्ष उत्साहाने सांगतो. शेती हे खेड्याचे काम आहे आणि जेथे जमिनीचा भाव चौरस फुटावर ठरतो तेथे पालक-मेथी लावणे म्हणजे संपत्तीची नासाडी, असे दुसरा पक्ष तितक्याच ठामपणे म्हणतो. दोन्ही पक्षांनी शहरातील शेतीचे मोल निघालेल्या मालाच्या वजनावर ठरवले आहे, आणि म्हणूनच दोघांचेही उत्तर अपुरे राहते. वजनाचा हिशेब आवश्यक आहे आणि तो पुढे केलाही आहे. परंतु शहराचा मातीशी असलेला संबंध त्या हिशेबात मावत नाही. शहर बाहेरून अन्न आणते, ते खाते आणि उरलेले टाकून देते; या व्यवहारात शेतातून निघालेली अन्नद्रव्ये पुन्हा शेताकडे जात नाहीत, आणि शहर वाढू लागले की ते सर्वांत आधी स्वतःच्या वेशीवरची कसदार जमीन बुजवते. या दोन हानींवर शहरातील शेती काही उपाय करू शकते काय, ही तिची खरी कसोटी होय, आणि पुढील विवेचन याच कसोटीला धरून केले आहे.

‘नागरी शेती’ ही संज्ञा सैलपणे वापरली जाते, म्हणून तिच्या पोटातले तीन वेगवेगळे व्यवहार प्रथम वेगळे केले पाहिजेत. दाट वस्तीच्या आत गच्चीवर, अंगणात, रेल्वेरुळांच्या कडेला किंवा रिकाम्या भूखंडावर होणारी लागवड हा पहिला व्यवहार. बंदिस्त इमारतीत, मांडणीवर मांडणी रचून, विजेच्या दिव्यांच्या प्रकाशात आणि मातीऐवजी पोषक द्रावणात पालेभाज्या वाढवणे, ज्याला ‘उभी शेती’ असे नाव पडले आहे, हा दुसरा. शहराच्या हद्दीलगत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि शहराच्या बाजारावर पोसलेली शेती, जिला येथे ‘परिनागरी शेती’ म्हटले आहे, हा तिसरा. या तिन्हींचे भांडवल वेगळे, माणसे वेगळी आणि फलितेही वेगळी असूनही चर्चेत त्यांची सरमिसळ होते. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जगातील सुमारे ८० कोटी लोक नागरी शेतीत गुंतलेले असल्याचा अंदाज दिला होता. तो ढोबळ अंदाज पुढे जणू मोजून काढलेली संख्या असल्याप्रमाणे असंख्य लेखांत उतरवला गेला आणि त्यातले किती लोक कुंडीत कोथिंबीर लावणारे व किती जण वेशीवरचे शेतकरी, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही.

आता वजनाचा हिशेब. बृहन्मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी २४ लाख आणि महानगरपालिकेचे क्षेत्र साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एका माणसाला दिवसाला २५० ग्रॅम धान्य लागते असे धरले, तर वर्षाला ते सुमारे ९१ किलो होते. आणि देशाची तांदळाची सरासरी उत्पादकता हेक्टरी सुमारे २,८०० किलो असल्याने एका माणसाच्या तांदळासाठी साधारण सव्वातीनशे चौरस मीटर भातखाचर लागते. सर्व मुंबईकरांसाठी हेच गणित मांडले की सुमारे ४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या नऊपट जमीन, केवळ भातासाठी हवी असे दिसते. डाळी, तेलबिया, दूध आणि साखर यांचा विचार यात अजून आलेलाच नाही. धान्याच्या बाबतीत शहराने स्वयंपूर्ण व्हावे, ही कल्पना म्हणून या पहिल्याच पायरीवर बाजूला ठेवावी लागते, आणि ती बाजूला ठेवण्यात नागरी शेतीचा काही अवमान होत नाही.

भाजीपाल्याचे गणित थोडे वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात असे सांगते. वर्षाला हे प्रमाण १४६ किलो होते. निगुतीने केलेल्या गच्चीवरील बागेतून दर चौरस मीटरमागे वर्षाला तीन किलो माल निघतो असे मानले, तर चौघांच्या कुटुंबाला सुमारे १९५ चौरस मीटर, म्हणजे २,१०० चौरस फूट वाफे लागतील. मुंबईतील बहुसंख्य कुटुंबांचे संपूर्ण घर याच्या निम्म्याहूनही लहान असते. तथापि त्याच कुटुंबाने २० चौरस मीटर जागा मिळवली, तर कढीपत्ता, मिरच्या, अळू, लाल माठ, अंबाडी, शेवग्याचा पाला, एखाददुसरा वेल आणि पावसाळ्यातली भेंडी एवढे तेथून खात्रीने मिळू शकते. वजनात हे थोडे आहे, परंतु पोषणात त्याचे स्थान वजनाहून मोठे आहे, कारण शहरी गरिबाच्या ताटातून महागाईच्या पहिल्या झटक्याला नाहीशी होते ती पोळी नव्हे, पालेभाजी. पंधरा विकसनशील देशांतील कुटुंबांच्या पाहण्यांवर आधारलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या झेझ्झा आणि तास्चोत्ती यांच्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे: शहरी कुटुंबाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा बहुतेक ठिकाणी मर्यादितच, पण जी कुटुंबे काही पिकवतात त्यांच्या आहारात विविधता अधिक.

शहर आणि शेती यांची फारकत ही अलीकडची गोष्ट आहे, याचे भान या विषयात ठेवावे लागते. योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदार-अर्थशास्त्रज्ञाने १८२६ साली मांडलेल्या वलयसिद्धान्तात शहराच्या अगदी लगतचे वलय भाजीपाल्याचे आणि दुधाचे, त्यापलीकडचे जळाऊ लाकडाचे, त्यानंतरची धान्याची आणि सर्वांत बाहेरचे गुराढोरांच्या चराईचे असे दाखवले आहे. नाशवंत माल जवळ आणि टिकाऊ माल दूर, हा त्यामागचा विचार बैलगाडीच्या काळातला असला, तरी त्याचे आणखी एक अंग सहसा दुर्लक्षित राहते. शहरालगतच्या शेतकऱ्याला शहराचे खत स्वस्तात मिळत असे आणि त्यामुळे त्याला जमीन पडीक न टाकता वर्षभर पिके घेता येत असत.

एकोणिसाव्या शतकातील पॅरिस हे याचे सर्वांत उज्ज्वल उदाहरण होय. मोरो आणि दाव्हेर्न या दोन माळ्यांनी १८४५ साली लिहिलेल्या हस्तपुस्तिकेतून आणि पुढील संशोधनातून असे दिसते की त्या काळी सुमारे १,४०० हेक्टर, म्हणजे शहराच्या जवळपास सहाव्या भागावर, भाजीमळे होते. शहरातील हजारो घोड्यांची लीद पायथ्याशी घालून तिच्या कुजण्यातून निघणाऱ्या उष्णतेवर ‘उबदार वाफे’ तयार केले जात, त्यांवर काचेच्या घंटाकार टोप्या झाकल्या जात, आणि बर्फाच्या दिवसांतही तेथे कोवळी भाजी निघत असे. एकाच वाफ्यात वर्षाला तीन ते सहा पिके घेणारे हे माळी शहराला भाजी पुरवत होते, तसेच शहराची घाणही पचवत होते. रस्त्यावरचे घोडे गेले, जमिनीचे भाव चढले, आगगाडीने दक्षिणेकडची भाजी स्वस्तात येऊ लागली, आणि हे मळे संपले. तंत्र हरले नव्हते; ज्या खतावर ते उभे होते तेच शहरातून निघून गेले होते.

संकटकाळात शहरे पुन्हा मातीकडे वळतात, हा इतिहासाचा आणखी एक अनुभव. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिकेत घरोघरी भाज्या लावण्याच्या मोहिमा झाल्या, आणि युद्ध संपताच त्या बागा बव्हंशी मोडल्या. क्यूबाची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, १९९१ च्या सुमारास, तेल आणि रासायनिक खते यांचा पुरवठा एकाएकी आटला, तेव्हा हवानात पडीक जागांवर कंपोस्टने भरलेले वाफे उभे राहिले, सरकारने जमीन वापरण्याचा हक्क लोकांना दिला, आणि शहराच्या ताज्या भाजीचा मोठा भाग शहरातच पिकू लागला. परंतु त्याच देशाला तांदूळ आणि गहू आजही परदेशातून मोठ्या प्रमाणावर आणावा लागतो. भाजी शहरात पिकवता येते आणि धान्य येत नाही, हे वर आकडेमोडीने काढलेले उत्तर क्यूबाने प्रत्यक्ष भोगून दाखवले आहे.

महाराष्ट्रात या विषयाचा विचार एका गणिताच्या प्राध्यापकाने सर्वांत खोलवर केला, ही गोष्ट मराठी वाचकाला पुरेशी परिचित असावयास हवी होती. श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांनी १९६६ साली ‘प्रयोग परिवार’ हे स्वाध्यायी शेतकऱ्यांचे जाळे उभे केले आणि तासगावच्या द्राक्षबागायतदारांपासून अनेकांना स्वतःच्या शेतात स्वतः मोजून, नोंदवून शिकण्याची सवय लावली. त्यांच्या मांडणीत जमिनीचा आकार दुय्यम ठरतो. दर चौरस फुटावर पडणारा सूर्यप्रकाश हे मूळ भांडवल, आणि तो टिपणारे पान, म्हणजेच पिकाचे ‘पर्णक्षेत्र’, हे त्या भांडवलाचे रूपांतर करणारे साधन. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे नेटके जीवन उभे राहू शकते, हा त्यांचा आग्रह याच विचारातून आला होता. पर्णक्षेत्राला आधार देणारी भुसभुशीत, सजीव माती विकत आणण्याची गरज नसून ती पालापाचोळा, थोडी मूळ माती आणि शेण-गोमूत्र-गूळ घातलेले पाणी यांपासून घडवता येते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. ‘अमृतमाती’ या नावाने आज जी पद्धत ओळखली जाते तिचे मूळ या परंपरेत आहे.

शहराच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व असे की तिचा कच्चा माल शहर रोज फेकून देत असते. मुंबईत आर. टी. दोशी यांनी रसवंत्यांवरची उसाची चिपाडे वापरून गच्चीवर भाज्या पिकवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास प्रीती पाटील यांनी दाभोळकरांच्या पद्धतीने बाग उभी केली, तीही मुळात स्वयंपाकघरातून रोज निघणाऱ्या ओल्या कचऱ्याचे काय करावे या अडचणीतून. येथे बागेने किती किलो वांगी दिली हा प्रश्न गौण आहे. किती किलो टरफले, देठ आणि उष्टे गाडीत भरून कचराभूमीवर गेले नाही, हा मुख्य. देवनारची कचराभूमी १९२७ पासून मुंबईचा कचरा झेलते आहे आणि जानेवारी २०१६ मध्ये तिला लागलेल्या आगीचा धूर पूर्व उपनगरांनी दिवसेंदिवस सोसला. पुण्याचा कचरा ज्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात वर्षानुवर्षे टाकला गेला, तेथील विहिरींचे पाणी बिघडले आणि गावकऱ्यांना गाड्या अडवण्याची वेळ आली. भारतीय शहरांच्या घरगुती कचऱ्यात निम्मा किंवा त्याहूनही अधिक भाग ओला, म्हणजे कुजून खत होण्याजोगा असतो. तो कचऱ्याच्या ढिगात हवेविना सडला की मिथेन वायू होतो आणि हवेशीर कुजवला की खत होते. दोहोंतला फरक केवळ कोठे आणि कसे ठेवले एवढाच. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा वेगळा करणे बंधनकारक केले, आणि मुंबई महानगरपालिकेने २०१७ साली २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांना ओला कचरा स्वतःच्या आवारातच जिरवण्यास सांगितले. अनेक संकुलांनी खत तयार केले आणि मग त्याचे काय करावे हे त्यांना उमगेना, कारण खत ही मागणी असेल तरच कामाची वस्तू होते. गच्चीवरची बाग ही मागणी निर्माण करते. नागरी शेतीच्या बाजूने करता येण्यासारखा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे, आणि तो भाजीचा नसून खताचा आहे.

या बाजूचे मोल मान्य केल्यावर तिच्या किमतीही तितक्याच स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली किंमत पाण्याची. उन्हाळ्यात पिकाच्या पानांतून आणि मातीतून मिळून उडून जाणारे पाणी, ज्याला ‘बाष्पोत्सर्जन’ म्हणतात, दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे पाच लिटर असते. म्हणजे २० चौरस मीटरच्या बागेला रोज १०० लिटर. शहरी माणसासाठी पाणीपुरवठ्याचा निकष दरडोई दिवसाला १३५ लिटरचा आहे, हे लक्षात घेतले की बाग जवळपास घरातले एक वाढीव माणूस ठरते. मुंबईचे पाणी वैतरणा, तानसा, भातसा या जलाशयांतून येते आणि ज्या शहापूर तालुक्यात यांपैकी मोठी धरणे आहेत तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. पिण्यायोग्य केलेले हे पाणी गच्चीवरच्या टोमॅटोला घालणे न्याय्य नाही. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी, साठवलेले पावसाचे पाणी, मातीवर पाचोळ्याचे जाड आच्छादन आणि मार्च ते मे या काळात लागवड मुद्दाम कमी करणे, एवढे पाळले तरच बागेचा पाणीखर्च समर्थनीय ठरतो.

दुसरी किंमत वजनाची. भारतीय मानकांनुसार ये-जा असलेल्या गच्चीसाठी धरला जाणारा चलभार, म्हणजे इमारतीच्या स्वतःच्या वजनाव्यतिरिक्त तिने पेलावयाचा भार, दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा असतो. एक फूट खोल ओल्या मातीचे वजन त्याच्या तिपटीहून अधिक भरते. म्हणून गच्चीवर शेतातली माती नेऊन ओतणे धोक्याचे आहे, आणि पालापाचोळ्यापासून केलेले हलके, उथळ माध्यम ही केवळ पर्यावरणप्रेमाची बाब राहत नाही. जुन्या इमारतीत अभियंत्याचा सल्ला आणि गळतीविरुद्ध उपाय यांशिवाय वाफे करूच नयेत.

तिसरी बाब आरोग्याची. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांच्या कडेला रेल्वे कर्मचाऱ्यांना ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली परवान्याने दिलेल्या पट्ट्यांवर पालक, माठ, मुळा आणि भेंडी पिकते, हे प्रत्येक प्रवाशाने पाहिलेले असते. ही लागवड अनेक ठिकाणी नाल्याच्या पाण्यावर होते आणि त्या पाण्यात घरगुती मैल्याबरोबर कारखान्यांचे सांडपाणीही मिसळलेले असू शकते. शिसे आणि कॅडमियम यांसारखे ‘जड धातू’ शिजवल्याने नष्ट होत नाहीत, आणि पालेभाज्या ते फळभाज्यांपेक्षा अधिक शोषतात. भारतात शिसेमिश्रित पेट्रोल २००० साली बंद झाले, तरी रस्त्याकडेच्या मातीत साचलेले शिसे तेथेच राहते. या शेतीवर सरसकट बंदी घालणे हा सोपा मार्ग आहे. परंतु ती करणाऱ्यांत उत्तर भारतातून आलेले भूमिहीन मजूरही आहेत आणि त्यांच्या कष्टाने गरीब वस्त्यांना स्वस्त भाजी मिळते. माती व पाणी तपासून पट्टे ठरवणे, दूषित जागी फुले किंवा शोभेची झाडे लावण्यास सांगणे आणि शुद्ध केलेले सांडपाणी उपलब्ध करून देणे, हे अधिक कष्टाचे पण अधिक न्यायाचे काम महानगरपालिका आणि रेल्वे यांनी मिळून केले पाहिजे.

चौथी बाब हवामानाची आहे, आणि येथे अनेकांचा गोड समज मोडतो. जवळ पिकलेले अन्न वाहतूक वाचवते म्हणून ते आपोआप पर्यावरणस्नेही, असे मानले जाते. परंतु अमेरिकेतील वेबर आणि मॅथ्यूज यांच्या २००८ सालच्या अभ्यासात अन्नामुळे होणाऱ्या एकूण हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्केच आढळला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोप आणि अमेरिकेतील ७३ नागरी शेतांच्या अभ्यासात तर तेथील भाजी-फळांचा ‘कर्बभार’, म्हणजे उत्पादनामागे होणारे कर्बवायूंचे उत्सर्जन, नेहमीच्या शेतीच्या सुमारे सहापट निघाला. कारण मुख्यतः साधनांचे होते: नवे लाकडी वाफे, शेड, पाइप आणि पायवाटा बांधून काही वर्षांतच ते सारे मोडले जात होते, त्यामुळे त्याचा सगळा भार थोड्याशा भाजीवर पडत होता. जी शेते टाकाऊ साहित्य वापरत होती, कंपोस्ट करत होती आणि दीर्घकाळ टिकली होती, त्यांची स्थिती चांगली होती. नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या कुंड्या, दुरून आणलेला नारळाचा भुसा आणि पिशवीबंद खत विकत घेऊन उभी राहिलेली बाग दोन वर्षांत सोडून देणे, ही आजच्या शहरी मध्यमवर्गात वाढत चाललेली सवय या निष्कर्षाच्या प्रकाशात तपासली पाहिजे.

उभ्या शेतीबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. सूर्यप्रकाश फुकट मिळत असताना तो अडवून त्याच्या जागी वीज जाळणे, हा तिच्या रचनेतलाच खर्च आहे आणि तिच्यातून निघतात त्या मुख्यतः महागड्या पालेभाज्या व स्वादाच्या वनस्पती. एरोफार्म्स ही अमेरिकी कंपनी जून २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, बोअरी फार्मिंग नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आणि प्लेंटी मार्च २०२५ मध्ये एरोफार्म्सप्रमाणेच दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. भारतासारख्या उन्हाच्या देशात सार्वजनिक पैसा या मार्गाने जाऊ नये.

विषयाचा गाभा मात्र शहराच्या वेशीवर आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक मोजणीत शहरांपासून २० किलोमीटरच्या आत सुमारे ४५.६ कोटी हेक्टर शेतजमीन असल्याचे आणि जगातील ओलिताखालच्या जमिनीपैकी सुमारे ६० टक्के जमीन या पट्ट्यात येत असल्याचे आढळले. २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासाचा अंदाज असा की २०३० पर्यंत शहरांच्या वाढीमुळे जगातील सुमारे दोन टक्के शेतजमीन जाईल, पण जाणारी जमीन सरासरीहून पावणेदोन पटींहूनही अधिक उत्पादक असेल. शहरे नदीकाठच्या सुपीक गाळावर वसली, म्हणून त्यांच्या वाढीत बळी जाते ती सर्वोत्तम जमीन. एक हजार गच्च्यांवर जे पिकेल त्याहून अधिक, वेशीवरचा एक चांगला बागायती पट्टा वाचवल्याने पिकत राहते, आणि तरीही गच्च्यांचे कौतुक होते नि पट्ट्यांच्या बिगरशेती परवान्यांची बातमीही होत नाही.

वसईचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. समुद्राकाठच्या गोड्या पाण्यावर तेथे केळीच्या वाड्या, पानमळे, भाजी आणि फुले पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली. पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन मुंबईच्या बाजारांत उतरणाऱ्या वसईच्या बायका हा मुंबईच्या अन्नपुरवठ्याचा एक भाग होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हा पट्टा बांधकामासाठी मोकळा करण्याचे निर्णय झाले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. त्या आंदोलनाने सर्व काही वाचले नाही. परंतु शहराच्या शेजारची शेती ही केवळ इमारतींची वाट पाहणारी मोकळी जागा नव्हे, ही गोष्ट महाराष्ट्रात प्रथमच मोठ्या लोकसमूहाने राजकीय बळाने मांडली. मुंबईच्या पोटातही अशी शेती अजून आहे: आरे दुग्धवसाहतीतील आणि राष्ट्रीय उद्यानालगतच्या वारली पाड्यांवर पावसाळ्यात भात, काकड्या, दुधी आणि रानभाज्या निघतात, आणि त्या जमिनीवरचा कसणाऱ्यांचा हक्क मात्र कागदावर अजून दुबळा आहे.

पुण्याची कहाणी निराळी आहे. १८७९ साली पूर्ण झालेल्या खडकवासला धरणाच्या कालव्यांनी हडपसर, मांजरी, लोणी या पट्ट्यात ऊस, द्राक्षे आणि भाजीपाला आणला. शहर वाढले तसे धरणाचे पाणी शहराने ओढले आणि शेतीच्या वाट्याला शहराचे सांडपाणी आले. मुंढवा येथून उचललेले पाणी जुन्या मुठा कालव्यातून खालच्या शेतांकडे सोडले जाते. हडपसरलगतच्या मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून स्वतःच नगर उभारले आणि नफ्यातला वाटा स्वतःकडे राखला. शेती गेली, पण शेतकरी देशोधडीला लागला नाही. शेतजमीन वाचवा असे शहरातून सांगणाऱ्यांनी या उदाहरणापुढे थांबून विचार केला पाहिजे. एका एकराचे कोट्यवधी रुपये समोर असताना शेतकऱ्याने केवळ शहराला ताजी मेथी मिळावी म्हणून ते नाकारावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ज्या शहराला वेशीवरची शेती हवी, त्याने तिची किंमत मोजली पाहिजे.

ही किंमत मोजण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत. वॉशिंग्टन शहराच्या शेजारच्या मॉन्टगोमेरी काउंटीने १९८० साली सुमारे ९३,००० एकरांचा शेतीराखीव पट्टा आखला आणि तेथील शेतकऱ्यांना बांधकामाचा हक्क इतरत्र विकण्याची मुभा दिली. पैसा शेतकऱ्याला मिळाला, इमारत दुसरीकडे उभी राहिली आणि शेत शेतच राहिले. ‘विकास हक्क हस्तांतरण’ या नावाने हीच व्यवस्था मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आली, परंतु ती रस्ते, आरक्षणे आणि झोपडपट्टी पुनर्विकास यांसाठी वापरली गेली. ती शेतजमिनीसाठी का वापरू नये, याचे समाधानकारक उत्तर आजवर दिले गेलेले नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेश हे आणखी एक उदाहरण. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या भागात शहराचे सांडपाणी उथळ ‘भेरीं’त, म्हणजे मत्स्यतळ्यांत, सोडले जाते, ऊन आणि शेवाळ ते शुद्ध करतात, त्यावर वर्षाला हजारो टन मासे वाढतात आणि शेजारी भाजी पिकते. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने आयुष्य वेचून या व्यवस्थेचे मोल जगाला पटवून दिले आणि २००२ साली तिला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी घडवलेली ही शेती शहराचा सांडपाणी शुद्धीकरणाचा मोठा खर्च वाचवते. तिचे मोल माशांच्या बाजारभावात शोधू गेल्यास हाती थोडेच लागेल.

शहरात अन्न पिकवणे मोलाचे आहे, परंतु त्या मोलाला एक क्रम आहे. वेशीवरची कसती जमीन आणि ती कसणारी माणसे टिकवणे हे पहिले काम. शहराचा ओला कचरा आणि शुद्ध केलेले सांडपाणी त्या जमिनीकडे वळवणे हे दुसरे. वस्तीच्या आतल्या बागा, विशेषतः शाळा, वसतिगृहे, रुग्णालये आणि गरीब वस्त्या यांच्या आवारातल्या, हे तिसरे. आज सरकारी योजना आणि वृत्तपत्रांचे रकाने यांत हा क्रम नेमका उलटा झाला आहे. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येणाऱ्या अठरा विषयांत अन्न किंवा शेती यांचा उल्लेख नाही, जमिनीच्या वापराचे नियमन मात्र त्यात आहे. म्हणून शहराच्या अन्नाचा निर्णय अन्नाच्या नावाने कधीच होत नाही, तो विकास योजनेच्या नकाशावर हिरव्याचा पिवळा रंग करताना होऊन जातो. त्या नकाशावर हरकती आणि सूचना मागवणे कायद्याने बंधनकारक आहे. वाचकांनी आपल्या शहराची प्रारूप योजना जाहीर झाली की वेशीवरच्या शेतांचे तिच्यात काय ठरले आहे ते पाहावे, तेथील शेतकऱ्यांशी बोलावे आणि मुदत संपण्यापूर्वी आपली हरकत लेखी नोंदवावी.